तू जाणार आहेस, तेही एक कोकणच आहे

पत्र:

ताई, मी 29 वर्षांची आहे. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेय. सिंधुदुर्गातल्या एका सरकारी आरोग्य केंद्रात साडेपाच वर्षं कंत्राटी स्टाफ नर्स आहे. हातात वीस-एक हजार पडतात, तेही कधी वेळेवर, कधी दोन महिने उशिरा. भाऊ विरारला असतो. घरी बाबा 71 वर्षांचे, त्यांना शुगर आहे. आई 66 ची, तिचे गुडघे गेलेत. आमच्या वाडीत 34 घरं. त्यातल्या 15 घरांना कुलूप आहे आणि उघड्या घरांत बहुतेक म्हातारी माणसंच. ड्युटीवरून आले की मी चार-पाच घरी जाते. कुणाचं बीपी, कुणाचं ड्रेसिंग, वरच्या वाडीतल्या एका आजींचं इन्सुलिन. आमच्याकडे बॉन्डचे डॉक्टर येतात, वर्ष भरलं की जातात.

आता जर्मनीची संधी आलीय. मुंबईचा एक एजंट म्हणतो, साक्सन-आनहाल्ट नावाच्या राज्यातल्या छोट्या गावात वृद्धांच्या केअर होममध्ये जागा आहे. साडेतीन लाख द्या, मूळ सर्टिफिकेटं जमा करा, भाषा सहा महिन्यांत होईल. बाबा म्हणतात, "तू जा गो बाय, आमचां काय, आमी पिकली पानां." आजी म्हणतात, "तू गेलंस तर माका सुई कोण मारतलो?" आणि आमच्या सीनियर सिस्टर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सरकारी सीटवर शिकलीस आणि आता गोऱ्यांची सेवा करायला चाललीस." त्या दिवसापासून झोप नाही. मी स्वार्थी आहे का? जाऊ की राहू?

– सिंधुदुर्गातली एक परिचारिका

उत्तर:

अगं, आधी स्वार्थाचं बोलू. नाहीस तू स्वार्थी. आठ तासांची ड्युटी संपवून रोज चार-पाच घरांच्या पायऱ्या चढणाऱ्या मुलीला हा प्रश्न रात्रभर छळतो, आणि ज्यांनी तिला साडेपाच वर्षं कंत्राटावर ठेवलं त्यांची झोप शाबूत आहे, याचं मला फार वाईट वाटतं.

तुझ्या सीनियर सिस्टरांच्या बोलण्याचा हिशोबच करायचा तर नीट करू. आपल्या राज्यात सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्या डॉक्टरला एक वर्षाची बंधपत्रित, म्हणजे बॉन्डची, सेवा असते. ती नको असेल तर कित्येक वर्षं 10 लाख रुपये भरून मोकळं होता येत होतं. तू साडेपाच वर्षं दिली आहेस, तीही कायम नर्सच्या पगाराहून कितीतरी कमी पैशांत. सरकारी सीटचं जे काही देणं होतं, ते तू केव्हाच फेडलंस. सिस्टरांवर मात्र राग धरू नकोस. तू गेलीस की तुझ्या पाळ्या त्यांच्यावर पडणार आहेत आणि तुझी जागा भरायला किती महिने लागतील हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. त्या बोलल्या ते भीतीपोटी. तसं सरळ म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

मी 33 वर्षं या पेशात काढली. पहिली सात वर्षं किनाऱ्यावरच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात, पुढची नर्सिंगच्या मुलींना शिकवण्यात. त्या सात वर्षांत माझ्यासमोर अकरा डॉक्टर आले आणि बहुतेक गेले. त्यांतला एकही वाईट नव्हता. क्वार्टर गळका, विहीर मेमध्ये आटलेली, रात्री कुणी अत्यवस्थ झालं तर सल्ला विचारायला दुसरा डॉक्टर नाही, बायकोला तालुक्यात नोकरी नाही. अकरांतला एकच टिकला, कारण त्याची बायको पुढच्याच गावातल्या शाळेत शिक्षिका होती. हे मी तेव्हा पाहिलं. पुढे शिकवायला लागल्यावर कळलं की जगभर हेच आहे. डॉक्टर आणि नर्स गावात टिकतात ते जोडीदाराची नोकरी, मुलांची शाळा, राहायला धड घर आणि रात्रीची जबाबदारी वाटून घ्यायला आणखी एक माणूस असेल तर. नुसत्या सक्तीने माणूस वर्ष काढतो आणि बॅग भरतो.

आता तुझ्या जिल्ह्याबद्दल. 2001 ते 2011 या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या साधारण 16 टक्क्यांनी वाढली. त्याच दहा वर्षांत सिंधुदुर्गाची 8 लाख 69 हजारांवरून 8 लाख 49 हजारांवर आली. रत्नागिरीचीही घटली. मुंबई शहर सोडलं तर राज्यात उतरण लागलेले हे दोनच जिल्हे. गिरण्यांच्या काळापासून घरटी एक चाकरमानी बाहेर आहे, हे तुला मी काय सांगायचं. पण त्याचा आरोग्य केंद्रावर काय परिणाम होतो, हे फारसं कुणी बोलत नाही. आपल्याकडे आरोग्य केंद्र मंजूर होतं ते डोक्यांवर. सपाट भागात 30 हजारांमागे एक, डोंगराळ भागात 20 हजारांमागे एक. डोकी मोजतात, वयं कुणी मोजत नाही. पंचविशीचा मुलगा वर्षातून एकदा तापाने येतो. पंचाहत्तरीच्या आजींना बीपी, शुगर, गुडघे, मोतीबिंदू असं सगळंच असतं, शिवाय मागच्या आठवड्यात त्या न्हाणीघरात पडलेल्या असतात. म्हणजे गाव रिकामं होत जातं तसं कागदावर काम कमी होतं आणि प्रत्यक्षात वाढतं. कागद आणि प्रत्यक्षातलं ते अंतर तू ड्युटीनंतर पायी भरून काढतेस. तुझ्या त्या फेऱ्या कुठल्याच रजिस्टरमध्ये नाहीत. म्हणूनच तू गेल्यावर काय बिघडेल ते वाडीला कळेल, कार्यालयाला कळणार नाही.

आता जर्मनी. तुझ्या पत्रातला एक शब्द वाचून मी थांबले: साक्सन-आनहाल्ट. एजंटाने तुला बर्फाचे आणि किल्ल्यांचे फोटो दाखवले असतील. ते राज्य काय आहे ते मी सांगते. ते जुन्या पूर्व जर्मनीतलं. 1990 मध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्यावर कारखाने बंद पडले आणि तरुण मुलं, त्यातही मुली जास्त, पश्चिमेकडे गेल्या. मागे आईबाप राहिले. आज जर्मनीच्या 16 राज्यांत सरासरी वय सर्वांत जास्त आहे ते याच राज्याचं, 48 च्या आसपास. गावोगावचे फॅमिली डॉक्टर साठीला आले आणि त्यांच्या दवाखान्याला वारस मिळेना. सणाला पोरं येतात, चार दिवस घरं उजळतात, मग पुन्हा अंधार. ओळखीचं वाटतंय ना? बाय, तू कोकण सोडून कोकणातच जाणार आहेस. फक्त तिथे थंडी आहे, आणि तुझ्या कामाला पगार आहे.

हे मी तुला घाबरवायला सांगत नाही. उलट तुझ्या मनातली एक गाठ त्याने सुटावी. जिथे चालली आहेस तिथलीही म्हातारी माणसं कुणाची तरी आजीच आहेत, आणि त्यांच्या मुलींनीही तुझ्यासारखाच निर्णय घेतला होता. खुद्द जर्मनीतले डॉक्टर आणि नर्स चांगल्या पगारासाठी स्वित्झर्लंडला जातात. मग जर्मनी पोलंडकडे, फिलिपिन्सकडे, केरळकडे बघते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2025 च्या अहवालाप्रमाणे जगातल्या दर 7 नर्समागे 1 आपल्या जन्मदेशाबाहेर काम करते. श्रीमंत देशांत तर दर 100 पैकी 23. ही साखळी आहे, आणि तिचं शेवटचं टोक नेहमी अशा वाडीत असतं जिथून पुढे बोलवायला कुणीच उरलेलं नसतं. ती साखळी तू सुरू केली नाहीस आणि तू एकटी न जाण्याने ती थांबणारही नाही. दु:ख खरं आहे, ते असू दे. अपराध मात्र तुझा नाही.

मग कुणाचा? इथे थोडं रेंगाळते, कारण "हे असंच चालायचं" म्हणून तू जावंस किंवा राहावंस, हे मला नको आहे. हे असंच चालत नसतं. जपानात 1972 मध्ये जिची वैद्यकीय विद्यापीठ काढलं. प्रत्येक प्रांतातून थोडे विद्यार्थी घ्यायचे, फी माफ, आणि बदल्यात साधारण नऊ वर्षं आपापल्या प्रांतात सरकार पाठवेल तिथे सेवा. आपल्या एका वर्षाच्या बॉन्डशी ताडून बघ. त्यातले बरेच मुदत संपल्यावरही खेड्यांत राहिले, कारण ते मुळात तिथलेच होते. जर्मनीतल्या नॉर्थ-राइन वेस्टफालिया राज्याने 2019 पासून खेड्यात जायला तयार असलेल्यांसाठी वैद्यकीय जागा राखून ठेवल्या. दहा वर्षांचं वचन, मोडलं तर अडीच लाख युरो दंड. पण डॉक्टर तयार व्हायला सहा वर्षं आणि तज्ज्ञ व्हायला आणखी पाच, म्हणजे पहिली तुकडी गावात पोचायला 2030 उजाडणार. डॉक्टरांच्या तुटवड्याला आज सुरू केलेला उपाय दहा वर्षांनी फळतो, म्हणून कुठल्याच निवडणुकीत तो कामाचा नसतो.

नर्सच्या बाबतीत मात्र इतकं थांबावं लागत नाही, आणि तुला सांगायची माझी आवडती गोष्ट तीच आहे. जुन्या पूर्व जर्मनीत 'गेमाइंडश्वेस्टर' असायची, म्हणजे गावाची सिस्टर. मोपेडवरून घरोघर फिरायची, ड्रेसिंग करायची, इंजेक्शनं द्यायची आणि डॉक्टरला कोणत्या घरी खरंच जायला हवं ते सांगायची. देश एक झाल्यावर ही पद्धत मोडीत काढली. पुढे डॉक्टर मिळेनासे झाले, तेव्हा 2005 मध्ये मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न राज्यात ग्राइफ्सवाल्ड विद्यापीठाच्या लोकांनी तीच सिस्टर नव्या नावाने परत आणली: डॉक्टरचं ओझं हलकं करणारी, घरी जाणारी नर्स. नंतर त्या कामाचे पैसे आरोग्य विम्यातून मिळायची सोय झाली. वाचलंस ना? तू संध्याकाळी फुकट करतेस ते काम तिथे मोडलं, पस्तावले, आणि पगार देऊन परत बसवलं.

इतकं लांब जायला नको, केरळ बघ. केरळ तर नर्स पाठवणारं राज्य, आणि 2011 च्या जनगणनेत देशात वृद्धांचं प्रमाणही सर्वांत जास्त तिथलंच. म्हणजे मुली बाहेर आणि म्हातारे घरी, अगदी तुमच्यासारखं. त्यांनी 2008 मध्ये पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या दुखण्यात त्रास कमी करणाऱ्या सेवेचं, धोरण केलं. त्यातून पंचायतीने नेमलेली नर्स गाडी घेऊन अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जायला लागली, सोबत गावचे स्वयंसेवक. मुली आजही परदेशी जातातच. पण मागे राहिलेल्या नर्सच्या कामाला तिथे नाव आहे, गाडी आहे, पगार आहे. सिंधुदुर्गातली एखादी ग्रामपंचायत हे करू शकणार नाही असं मला वाटत नाही. तुझ्या सरपंचांना विचारून तरी बघ. जाण्याआधी एकदा ग्रामसभेत उभी राहा आणि गेल्या महिन्यात किती घरी, कशासाठी गेलीस एवढं वाचून दाखव. तुझ्या फेऱ्यांची कागदावरची पहिली नोंद ती होईल.

आता तुझा मूळ प्रश्न. माझं मत स्पष्ट सांगते. जा. पण या एजंटामार्फत नाही, आणि या वर्षी नाही.

साडेतीन लाख आणि मूळ सर्टिफिकेटं ही दोन वाक्यं वाचूनच माझ्या अंगावर काटा आला. मूळ कागद कुणाच्याही हातात ठेवायचे नाहीत, एक रात्रही नाही. साक्षांकित प्रती द्यायच्या. परदेशी नोकरीला पाठवणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला असावा लागतो. ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचं नाव आणि परवाना क्रमांक तपासता येतो. नोंदलेल्या एजंटालाही उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त 30 हजार रुपये अधिक जीएसटी घेता येतं. साडेतीन लाख कसले मागतो तो? त्याच्याकडे परवाना क्रमांक आणि प्रत्येक रकमेची पावती माग. तो फोन उचलायचा थांबला तर तुझे साडेतीन लाख वाचले असं समज.

जर्मनीत त्यांच्या सरकारी रोजगार संस्थेचा परदेशी नर्स नेण्याचा 'ट्रिपल विन' म्हणून कार्यक्रम 2013 पासून आहे, केरळ सरकारच्या नॉर्काने (परदेशी जाणाऱ्या केरळी लोकांसाठीची संस्था) 2021 मध्ये त्यात करार केला. तिथे खर्च मालक करतो, नर्स नाही. खासगी भरती करणाऱ्यांसाठीही जर्मन सरकारची न्याय्य भरतीची मोहोर आहे. ती असलेल्या संस्थेने नर्सकडून भरतीचे पैसे घ्यायचे नाहीत हाच तिचा पहिला नियम. म्हणजे ज्या देशाला तुझी इतकी गरज आहे तोच तुझा खर्च करायला तयार आहे. मग तू साडेतीन लाख का भरायचे? महाराष्ट्र सरकारनेही फेब्रुवारी 2024 मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात नर्सही आहेत. चौकशी जरूर कर, पण हातात नावानिशी करारपत्र येईपर्यंत राजीनामा देऊ नकोस.

'भाषा सहा महिन्यांत' हीही थाप. तिथे नर्स म्हणून पूर्ण मान्यता मिळवायला साधारण बी-टू पातळीचं, म्हणजे भाषेच्या सहा पायऱ्यांतल्या चौथ्या पायरीचं, जर्मन लागतं. शून्यापासून तिथवर नोकरी सांभाळून सव्वा-दीड वर्ष धर. परीक्षा मुंबई-पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात, म्हणजे जर्मन शिकवणाऱ्या संस्थेत, देता येते. आणि भाषा कच्ची ठेवून जाऊ नकोस, हे मी हात जोडून सांगते. मान्यता मिळेपर्यंत तुला मदतनीस म्हणून ठेवतील आणि पगारही मदतनिसाचा देतील. जुलै 2025 मध्ये तिथे वृद्धसेवेत पात्र नर्सला तासाला किमान 20.50 युरो ठरले आणि अप्रशिक्षित मदतनिसाला 16.10. वर जवळजवळ तिसरा हिस्सा कर आणि विम्यात जातो, मग घरभाडं. एजंट युरोला रुपयाने गुणून दाखवतो, वजाबाकी दाखवत नाही. करारात 'तीन वर्षांच्या आत सोडलं तर अमुक युरो परत' असं कलम असेल तर तो आकडा वाचून घे, आणि जर्मन मजकूर कुणाकडून तरी समजून घेतल्याशिवाय सही करू नकोस.

आणखी एक गोष्ट एजंट कधीच सांगणार नाही. आपल्याकडे अंग पुसणं, भरवणं, बेडपॅन हे सगळं नातेवाईक नाहीतर मावशी करतात. आपण औषधं, सलाइन, इंजेक्शनं, रजिस्टर बघतो. तिथे केअर होममध्ये अंघोळ, कवळी घासणं, डायपर बदलणं हे नर्सचं काम आहे. आणि सलाइन लावायला मात्र अनेकदा डॉक्टरच लागतो. माझी एक विद्यार्थिनी तिकडे गेली. पहिल्या महिन्यात फोनवर रडली, "मॅडम, एवढं शिकून मी इथे दात घासते, आणि तेही घड्याळ लावून." सहाव्या महिन्यात तीच म्हणाली, "अंग पुसतानाच कळतं कुणाच्या पाठीला जखम सुरू होतेय. आपल्याकडे आपण पेशंटला हातच लावत नव्हतो." तुला हे जड जाणार नाही असं मला वाटतं, कारण तू घरांत शिरून काम केलंस. पण रात्रपाळीत कधी अख्ख्या इमारतीला तू एकटीच पात्र नर्स असशील, तिथला हिवाळा लांब आहे, दुपारी चारलाच अंधार पडतो, आणि छोट्या गावात बोलायला आपलं माणूस नसतं. निदान जवळ आणखी दोन-तीन भारतीय नर्स असतील अशी जागा निवड. एकटीने जाऊ नकोस.

राहायचं ठरवलंस तर? तोही पराभव नाही. दहा वर्षं झालेल्या कंत्राटी आरोग्य कर्मचाऱ्यांना सेवेत घ्यायचा शासन निर्णय मार्च 2024 मध्ये निघाला, आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी ऑगस्ट 2025 मध्ये कर्मचाऱ्यांना संप करावा लागला, हे तू जवळून पाहिलंच असशील. त्या आशेवर आणखी साडेचार वर्षं थांब असं मी तुला म्हणणार नाही. सरळसेवेची जाहिरात आली की अर्ज मात्र भर. खुल्या प्रवर्गाला सध्या 38 वर्षांपर्यंत मुभा आहे, म्हणजे चार-पाच वर्षं तिकडे काढून आलीस तरी दार बंद झालेलं नसेल. त्यासाठी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी वेळेवर नूतनीकरण करत राहा. बाहेर गेलेल्या मुली हे विसरतात आणि परत आल्यावर दारोदार फिरतात.

हे सगळं लिहिलं, पण तुझी झोप उडवणारी गोष्ट यातली एकही नाही, असं मला पत्र दोनदा वाचल्यावर वाटलं. झोप उडालीय ती बाबांच्या "पिकली पानां" या शब्दांनी. बाबा तुला मोकळं करतायत, पण असं बोलून मोकळं केलेल्या मुलीच्या पायात दुप्पट बेडी पडते. त्यांना सांग की पिकल्या पानांचा हिशोब मी करून जाणार आहे. भावाला फोन करून रडू नकोस, त्याला काम वाटून दे. दर महिन्याला एकदा यायचं आणि बाबांची तपासणी, आईची औषधं त्याने बघायची. बाबा सत्तरीच्या पुढे आहेत, त्यांचं आयुष्मान वयवंदना कार्ड काढून घे, पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, उत्पन्नाची अट नाही. मग कार्ड घेऊन पॅनेलवरच्या रुग्णालयात स्वतः जा आणि काय होतं, काय होत नाही ते विचारून ये. आजारपणाच्या रात्री विचारायला लावू नकोस. 108 ची गाडी तुमच्या घरापर्यंत येते की पाणंदीच्या तोंडाशी थांबते? पावसात व्हाळ (ओढा) भरला की काय? तिथून पुढे खुर्चीवर बसवून आणायला कुठले दोन पोरगे आहेत, त्यांचे नंबर भिंतीवर लिही. मोठं काही झालं तर ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात न्यायचं की थेट गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला, हे आत्ताच शांतपणे ठरव. आईच्या गुडघ्यांसाठी न्हाणीघरात दांडा बसवून घे. खर्च दोन हजार येत नाही, आणि मांडीचं हाड मोडण्यापासून ती वाचली तर तुझी जर्मनी वाचली.

या तयारीला भाषेइतकाच वेळ लागेल, म्हणून म्हटलं, या वर्षी नको. दीड वर्षात भाषाही होईल आणि घरही बसेल. तोवर तुला जायचंच नाही असं कळलं, तर एक भाषा शिकून झालेली असेल, त्यात नुकसान काहीच नाही. मी स्वतः 1986 मध्ये सौदीला जाणार होते. गेले नाही, कारण मुलगा आठ महिन्यांचा होता. त्यात त्याग वगैरे काही नव्हता, आणि गेलेल्या मैत्रिणींपेक्षा मी मोठी ठरले असंही मला कधी वाटलं नाही.

राहिल्या वरच्या वाडीतल्या आजी. त्यांचा प्रश्न सगळ्यांत सरळ आहे, तर त्याचं उत्तरही सरळ दे. त्यांना इन्सुलिनचं पेन आणून दे. नजर कमी असेल तर नुसत्या टिक-टिक आवाजावर डोस मोजायचा नाही, डायलवरचा आकडा दुसऱ्या कुणीतरी बघून सांगायचा. पहिले पंधरा दिवस तू समोर बसून त्यांची सुई त्यांनाच टोचायला लाव. शेजारच्या घरातली सून किंवा दहावीतली नात असेल तर तिलाही शिकव: साखर उतरली की हात थरथरतात, घाम येतो, तेव्हा आधी साखर तोंडात, मग फोन. फ्रिज नसेल तर इन्सुलिन पाण्याच्या मडक्याशेजारी ओल्या कपड्यात कसं ठेवायचं ते दाखव. उपकेंद्रातल्या सीएचओंना (समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना) एकदा घेऊन जा आणि आजींची ओळख करून दे, नुसतं नाव लिहून देऊ नकोस. येत्या रविवारपासून सुरू कर. आणि एजंटाचं करारपत्र सही करण्याआधी मला पाठव, त्यातलं नाव-गाव झाकून. मी वाचते.

तुझी,
ताई